जुन्नर ते नाणेघाट : एका प्राचीन मार्गाचे अवशेष

सह्याद्रीतील घाटवाटांमध्ये नाणेघाटाचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना जितके परिचित आहे, तितका त्या घाटापर्यंत नेणारा मार्ग परिचित नाही. घाटाच्या माथ्याजवळील लेण्यात सातवाहन राणीचा लेख आहे, एवढे पाठ्यपुस्तकांतून सर्वांना ठाऊक असते. माथ्यावर एक दगडी रांजण असून त्यात पूर्वी जकातीची नाणी टाकीत, ही कथाही सर्वतोमुखी आहे. तथापि जुन्नरपासून घाटमाथ्यापर्यंतच्या सुमारे तीस किलोमीटरांच्या पट्ट्यात आणि घाटाच्या पायथ्यापर्यंतच्या उतरणीवर जे दगडी अवशेष आहेत, त्यांचा एकत्र विचार क्वचितच होतो. राजलेख लिपिशास्त्राच्या ग्रंथात जातो, लेणी बौद्ध कलेच्या प्रकरणात, देऊळ शिलाहारांच्या आणि गड मराठ्यांच्या. मार्ग मात्र कोणत्याच प्रकरणात येत नाही. वस्तुतः या साऱ्या वास्तू येथे उभ्या राहिल्या त्या या मार्गामुळे. मार्गाच्या क्रमाने त्या पाहिल्या म्हणजे नाणेघाटाविषयीच्या काही रूढ समजुतींना आधार किती आहे, तेही कळून येते.

प्रथम भूगोलाचा विचार करावयास हवा. कोकण आणि देश यांच्यामध्ये सह्याद्रीची काळ्या पाषाणाची भिंत उभी आहे. ती चढून जाण्यास बैलाला चालेल असा उतार फार थोड्या ठिकाणी सापडतो. कल्याण आणि सोपारा या बंदरांकडून पूर्वेस निघालेला माल मुरबाडवरून सह्याद्रीच्या पायथ्याशी आला की त्यापुढे माळशेज, नाणेघाट, दऱ्याघाट अशा मोजक्या वाटा उरतात. नाणेघाटाची खूण दुरूनही पटते. ‘नानाचा अंगठा’ या नावाने ओळखला जाणारा सुळकेवजा कडा आणि त्याच्या शेजारची अरुंद खिंड, ही ती खूण होय. खिंडीतून वर आले की लगेच पठार लागते, आणि कुकडीच्या खोऱ्याने जुन्नरपर्यंत विशेष अडथळा नाही. जुन्नरपासून पुढे पैठण आणि तेर या अंतर्भागातील व्यापारी नगरांकडे जाता येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे तेर, या नगरांचा उल्लेख आहे, त्याचप्रमाणे कल्याण बंदराचाही आहे. कल्याणास पूर्वी रीतसर व्यापार चाले, पुढे तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे तो ग्रंथकार सांगतो. सातवाहन आणि क्षत्रप यांच्यातील झगड्याचा तो परिणाम होता, असे सामान्यतः मानतात. बंदर कोणाच्या हाती, या प्रश्नाशी घाट कोणाच्या हाती हा प्रश्न जोडलेलाच होता.

देशावरचा या मार्गाचा आरंभ जुन्नर होय. जुन्नरभोवतीच्या शिवनेरी, तुळजा, मानमोडी आणि गणेश पहाड म्हणजे लेण्याद्री या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. संख्येच्या दृष्टीने भारतात एका गावाच्या आसमंतात इतकी लेणी असणे विरळाच. त्यांपैकी बहुतेक साधी आहेत. अजिंठ्याची चित्रे येथे नाहीत आणि कार्ल्याची भव्यताही नाही. त्यामुळे कलेच्या इतिहासकारांनी या लेण्यांकडे काहीसे दुर्लक्षच केले. परंतु जुन्नरचे खरे धन तेथील छोट्या दानलेखांत आहे. ‘देयधम’ म्हणजे दिलेले धर्मदान, ‘लेण’, ‘पोढि’ म्हणजे पाण्याचे टाके, ‘चेतियघर’ अशा शब्दांनी भरलेले हे लेख एकेका ओळीचे, फार तर दोन-तीन ओळींचे आहेत. मराठीतील ‘लेणे’ हा शब्द त्यांतूनच आपल्यापर्यंत आला आहे.

दाते कोण होते, हे या लेखांवरून पाहण्यासारखे आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि एक टाके दिले. भरुकच्छ, म्हणजे भडोच, येथे राहणाऱ्या आससमाच्या बुद्धमित आणि बुद्धरखित या पुत्रांनी दोन खोल्यांचे लेणे दिले. इरिल, चिट आणि चंद अशी नावे असलेल्या तिघा यवनांची दाने आहेत. त्यांपैकी इरिलाने दोन टाकी दिली आणि चिटाने भोजनमंडप. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी दिलेले टाके व मंडप मानमोडीच्या डोंगरात आहेत. लेण्याद्रीवरील चैत्यगृह तर कल्याणच्या एका माणसाचे दान आहे. त्याच्या लेखात हेरणिकाचा पुत्र सुलसदत असे नाव आहे. ‘हेरणिक’ हा शब्द सोन्याच्या व्यवहाराशी निगडित आहे. तो सोनार असो की कोषाचा अधिकारी, कल्याणचा धनिक जुन्नरला येऊन डोंगरात चैत्यगृह कोरवितो, ही गोष्ट त्या एका ओळीत नि:संशय नोंदलेली आहे. कल्याणहून जुन्नरला येण्याचा सरळ मार्ग नाणेघाटाचाच.

जुन्नर सोडून पश्चिमेस निघाले की पाडळीजवळ तुळजा लेणी लागतात. लेण्यांच्या एका खोलीत पुढील काळात तुळजाभवानीची स्थापना झाली, त्यावरून हे नाव पडले. येथील चैत्यगृह वर्तुळाकार आहे. मध्ये स्तूप, त्याभोवती बारा अष्टकोनी खांबांचे कडे आणि वर घुमटासारखे छत, अशी त्याची रचना आहे. पश्चिम भारतातील लेण्यांत ही रचना अत्यंत दुर्मीळ होय. चैत्यगृहाचा दर्शनी भाग कोसळलेला असल्याने स्तूप आज बाहेरूनच दिसतो. गवताने शाकारलेल्या गोल झोपडीचे रूप दगडात उतरविण्याचा हा प्रयत्न असावा. शैलीवरून ही लेणी जुन्नरच्या सर्वांत प्राचीन लेण्यांत मोडतात. ती घाटाकडे जाणाऱ्या दिशेला आहेत, हेही लक्षात घ्यावे.

पुढे वाट कुकडीच्या खोऱ्याने चढत जाते. माणिकडोह धरणाच्या जलाशयाने या खोऱ्याचे रूप पुष्कळ पालटले आहे. डाव्या-उजव्या हातांना डोंगररांगा, मध्ये भातखाचरे आणि उंचवट्यांवर महादेव कोळी समाजाच्या वस्त्या, असा हा मावळपट्टा आहे. भाताबरोबरच रानातील हिरडा गोळा करून विकणे हे येथील उपजीविकेचे एक प्रमुख साधन राहिले आहे. मध्येच चावंडचा गड उभा आहे. त्याच्या माथ्यावर कातळात कोरलेल्या सात टाक्यांचा समूह आहे. लोक त्यांना सप्तमातृकांची टाकी म्हणतात. १८१८ मध्ये इंग्रजांनी हा गड घेतल्यावर त्याच्या पायऱ्यांचा मार्ग सुरुंगाने फोडला. तुटलेल्या पायऱ्या आजही तशाच दिसतात.

चावंडच्या पलीकडे पूर या लहानशा गावी कुकडीच्या उगमाजवळ कुकडेश्वराचे देऊळ आहे. मूळ शिखर टिकलेले नाही. तरी मंडपातील कोरीव स्तंभ आणि बाह्यांगावरील शिल्पे यांवरून पूर्वीच्या वैभवाची कल्पना येते. शिलाहार राजा झंझ याने बारा शिवालये बांधली असे शिलाहारांच्या एका ताम्रपटात म्हटले आहे, आणि सह्याद्रीतील नद्यांच्या उगमांवरील देवळे हीच ती बारा, अशी परंपरा आहे. कुकडेश्वर त्यांपैकी एक मानले जाते. झंझाचा काळ दहाव्या शतकाचा आरंभ होय. अल् मसूदी या अरब प्रवाशाने आपल्या चौलच्या भेटीच्या वेळी तेथे याच नावाचा राजा असल्याचे लिहिले आहे. कुकडेश्वराची बांधणी झंझाच्याच काळची मानावी, की त्याच्या वंशजांच्या काळची, याचा निर्णय ताम्रपटावरून होत नाही, कारण त्यात देवळांची स्थाने दिलेली नाहीत. मार्गाच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. सातवाहनांनंतर कित्येक शतकांनी, बौद्ध लेण्यांत नवे खोदकाम थांबल्यावरही, या दूरच्या खोऱ्यात घडीव दगडाचे देऊळ उभे राहण्याइतकी वर्दळ आणि संपत्ती होती. वाट ओसाड पडली नव्हती.

पूर सोडल्यावर घाटघर, आणि घाटघरच्या वर जीवधन गड. नाणेघाटाच्या खिंडीवर नजर ठेवण्यास याहून योग्य जागा नाही. गडावर दगडी धान्यकोठार असून त्यावर गजलक्ष्मी कोरली आहे. गडाच्या कड्यालगत वानरलिंगीचा सुळका सुटा उभा आहे. निजामशाहीच्या अखेरच्या काळात, १६३३ च्या सुमारास, शहाजीराजांनी मूर्तिजा या लहान राजपुत्राला याच गडावरून नेऊन पेमगिरीवर निजामशहा म्हणून गादीवर बसविले. अशा घटना गडाच्या नावे नोंदल्या जातात. परंतु गडाचे प्रयोजन घाटाचे रक्षण हेच होते. घाटाच्या बंदोबस्ताची जबाबदारी दीर्घकाळ महादेव कोळी नाइकांकडे असे, आणि त्यांच्या हक्कांचे मूळही या वाटांवरच्या रहदारीतच शोधावे लागते.

आता घाटमाथा. पठाराच्या टोकाला, खिंडीत उतरण्यापूर्वी, एका अखंड दगडाचा मोठा रांजण आहे. घाटाचे नाव ‘नाणे’ या शब्दावरून आले, आणि रांजण जकातीच्या नाण्यांनी दररोज भरे, ही कथा येथेच सांगतात. कथा मोहक आहे, पण तिला आधार कोणता? रांजणावर लेख नाही. लेण्यातील मोठ्या लेखात जकातीचा उल्लेख नाही. टाक्यांवरील लेखांतही नाही. घाटावर जकात घेतली जात असेल, हे संभवनीयच नव्हे तर जवळजवळ निश्चित मानावे. ज्या राज्याच्या हाती खिंड, त्याने ती फुकट वापरू दिली असती असे मानण्याचे कारण नाही. परंतु तो रांजण हीच जकातीची पेटी होती, असे मानण्यास परंपरेखेरीज आधार नाही. उघड्या तोंडाचे भांडे पैसे साठविण्यापेक्षा पाणी साठविण्याला अधिक सोयीचे, एवढे तरी ध्यानात घ्यावे. वाटेच्या माथ्यावर, चढून आलेल्या वाटसरूंसाठी ती पाणपोई असणे अशक्य नाही. निर्णय देता येत नसला तरी जकात आणि पाणी या दोन कल्पनांमध्ये अंतर मोठे आहे. पहिल्या कल्पनेत रस्ता म्हणजे राजाच्या उत्पन्नाची बाब ठरतो, दुसरीत तो वाटसरूंच्या सोयीचा प्रश्न ठरतो. खिंडीतील उरलेले अवशेष कोणत्या बाजूने बोलतात, हे पाहावे लागेल.

खिंड दोन्ही बाजूंच्या कातळांमध्ये इतकी अरुंद आहे की समोरासमोर आलेल्या दोन लादलेल्या बैलांना एकमेकांना वाट देणे अवघड व्हावे. तिच्यातून कोकणाच्या अंगाला थोडे उतरले की लेणे लागते. आत एकच मोठी चौरस खोली, तीन भिंतींलगत दगडी बाक. भिक्षूंच्या निवासाच्या खोल्या नाहीत, स्तूप नाही, पूजेचे कोणतेही स्थान नाही. म्हणजे हा विहार नव्हे आणि चैत्यही नव्हे. डाव्या-उजव्या भिंतींवर प्रत्येकी दहा ओळींचा ब्राह्मी लेख आहे, तर मागील भिंतीवर एकेकाळी आठ मानवी प्रतिमा उठावात कोरलेल्या होत्या. आज त्या प्रतिमा नाहीत. काहींच्या पायांच्या खुणा आणि वरची नावे तेवढी उरली आहेत.

१८२८ मध्ये विल्यम हेन्री साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने या लेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. त्या वेळी ब्राह्मी लिपी वाचता येत नव्हती. जेम्स प्रिन्सेपने ती लिपी उलगडल्यावर १८३८ मध्ये या लेखाच्या वाचनाचाही प्रयत्न केला. पण लेखाचे खरे अध्ययन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केले. त्यांनी १८७०च्या दशकात येथील अंकचिन्हांवर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. १८८३ मध्ये बूलरने संपूर्ण लेखाचे संपादन केले. पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी सातवाहनांच्या कोरीव लेखांच्या आपल्या मराठी ग्रंथात त्याचा ऊहापोह केला. काळाविषयी मात्र एकमत नाही. बूलरने तो इ.स.पू. दुसऱ्या शतकात नेला. नंतरच्या अनेक विद्वानांनी अक्षरवळणांच्या तुलनेवरून तो इ.स.पू. पहिल्या शतकात आणला, आणि हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

लेखाचा आरंभ धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन करून होतो. नंतर महिनाभराचे उपवास करणाऱ्या, घरी राहून तापसीचे जीवन जगणाऱ्या राणीचे वर्णन येते. ती महारठीची कन्या, राजाची पत्नी आणि कुमारांची माता आहे. लेखाचा पुष्कळ भाग फुटलेला असल्याने तिची ओळख पटविण्यास प्रतिमांवरील नावांचा मोठा आधार होतो. तेथे राया सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सिरि सातकनि, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन इत्यादी नावे आहेत. ही नायनिका म्हणजेच ग्रंथांतून नागनिका या नावाने प्रसिद्ध झालेली राणी. ‘महारठी’ या पदवीचे येथील अस्तित्व महाराष्ट्र या नावाच्या चर्चेत नेहमी पुढे केले जाते. लेखात राजाला दक्षिणापथाचा पती म्हटले आहे. दक्षिणापथ म्हणजे दक्षिणेकडे जाणारा पथ, आणि त्यावरून दक्षिणेचा प्रदेश. ज्या वाटेच्या खिंडीत हा शब्द कोरला गेला, तेथे त्यातील ‘पथ’ विसरता येत नाही.

लेखाचा मुख्य विषय यज्ञ आणि दक्षिणा. अग्न्याधेय, राजसूय, अश्वमेध, आप्तोर्याम, गवामयन, गर्गातिरात्र असे यज्ञ एकामागून एक येतात आणि प्रत्येकापुढे दिलेल्या दानाची मोजदाद. एका यज्ञाला १२ गाई आणि १ घोडा. दुसऱ्या एका यज्ञाला १०,००१ गाई. कोठे चांदीचे १७ घडे, कोठे २४,४०० कार्षापण, कोठे गावे, हत्ती, रथ. येथे कोरणाऱ्याने एके ठिकाणी ‘बारस’ हा शब्द लिहून पुढे १२ चे चिन्हही कोरले आहे. मराठीतील ‘बारा’ त्या शब्दात ऐकू येतो. या अंकचिन्हांनी लेखाला गणिताच्या इतिहासातही स्थान मिळवून दिले. शून्य येथे नाही, स्थानमूल्यही नाही. दहा, वीस, ऐंशी, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत, आणि चार हजार लिहावयाचे तर हजाराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडलेले आहे. तरीही आजच्या काही अंकांची पूर्वरूपे या भिंतीवर ओळखू येतात. हिशेबाचे अंक यज्ञाच्या दक्षिणेसाठी कोरले गेले असले, तरी ती चिन्हे घडली ती व्यापाराच्या आणि कारभाराच्या रोजच्या वापरातच, असे मानणे युक्त होईल. ज्या बाजूने गोणी मोजून नेल्या जात, तेथील वाटसरूंना ते अंक वाचता येत असतील.

मग असा लेख येथेच का? राजधानीत नव्हे, देवळात नव्हे, तर वाटेच्या खिंडीत? काही विद्वानांनी या लेण्याला राजघराण्याचे प्रतिमागृह मानले आहे. मृत राजांच्या प्रतिमांचे ‘देवकुल’ भासाच्या ‘प्रतिमा’ नाटकात येते, मथुरेजवळ माट येथे कुषाण राजांचे तसे देवकुल सापडले आहे. पण येथील प्रतिमांत कुमारही आहेत, राणीचा पिताही असावा, आणि लेख राणीच्या तपश्चर्येचा. त्यामुळे केवळ मृतांचे स्मारक या कल्पनेत हे सारे बसत नाही. तीन बाजूंचे बाक लक्षात घेतले म्हणजे वाटसरूंच्या विसाव्याची ही जागा असावी, हे सरळ अनुमान उरते. कोकणातून चढून आलेला माणूस या बाकावर टेकला की समोर राजघराणे उभे, आणि डाव्या-उजव्या हातांना त्या घराण्याच्या दानांची गणना. राजसत्तेने आपली कीर्ती जेथे सर्वाधिक लोक थांबणार तेथे लिहिली. अशोकानेही सोपाऱ्यासारख्या बंदरात आपल्या आज्ञा कोरविल्याच होत्या. जकातीचे ठाणे येथे असले तरी या अनुमानाला बाध येत नाही.

या लेण्याच्या परिसरात कातळात कोरलेली टाकी आहेत. त्यांच्याकडे पर्यटक तहान लागली तरच वळतात आणि अभ्यासक राजलेख संपल्यावर, वेळ उरला तर. परंतु मार्गाच्या इतिहासातील सर्वांत बोलका पुरावा येथेच आहे. एका टाक्याच्या लेखात ते सोपाऱ्याच्या गोविंददासाचे दान असल्याचे म्हटले आहे. दुसरा लेख वासिष्ठीपुत्र चतरपन सातकनि या राजाच्या १३ व्या वर्षीचा असून त्यात कामवनच्या दामघोषाचे दान नोंदलेले आहे. सोपारा म्हणजे आजच्या वसई तालुक्यातील नालासोपाऱ्याचा परिसर. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये तेथील स्तूप उकरला तो हाच गाव. त्या बंदरातील एक माणूस कित्येक कोस दूर, सह्याद्रीच्या माथ्यावर, आपल्या खर्चाने पाण्याचे टाके खोदवितो. त्याला हा चढ ठाऊक असला पाहिजे. उन्हाळ्यात येथे पाणी नसले तर काय होते, हेही त्याने अनुभवले असले पाहिजे, किंवा त्याच्या माणसांनी आणि जनावरांनी.

राणीचा लेख आणि गोविंददासाचा लेख यांची तुलना केली पाहिजे. एकात हजारो गाई आणि कार्षापण, पण वाटेसाठी दिलेले एकही दान उपलब्ध भागात दिसत नाही. दुसऱ्यात एक टाके, एवढेच. जुन्नरच्या लेखांशी हा लहान लेख जोडला म्हणजे सूत्र लागते. कल्याणच्या सुलसदताचे चैत्यगृह मार्गाच्या एका टोकाशी, सोपाऱ्याच्या गोविंददासाचे टाके दुसऱ्या टोकाशी. मध्ये धान्यव्यापाऱ्यांच्या संघाचे टाके, यवनाची दोन टाकी, क्षत्रपाच्या अमात्याचे टाके. धर्म कोणताही असो, राज्य कोणाचेही असो, पाणी देणे हे पुण्यकर्म मानले जात होते, आणि ते बहुधा या वाटेने जाणाऱ्या-येणाऱ्यांनीच केले. खिंड खोदून रुंद करणे, उतरणीवर दगडांची फरसबंदी करणे ही कामे राजसत्तेवाचून होणार नाहीत, हे खरे. पण वाट चालती राहण्यास लागणारे पाणी आणि निवारा लोकांच्या दानांतून आले, एवढे तरी उपलब्ध लेखांवरून ठामपणे म्हणता येते. रांजणाच्या कथेने हे चित्र उलटे करून ठेवले आहे. लोकांनी वाटेला काय दिले हे विसरले गेले, आणि वाटेने लोकांकडून काय घेतले तेवढे स्मरणात राहिले.

लेण्यापासून खाली उतरण मोठाल्या दगडांनी बांधलेली आहे. पावसाळ्यात तिच्यावरून पाण्याचे लोट येतात, तरी काही टप्प्यांवर फरसबंदी शाबूत आहे. तिचे सारे दगड सातवाहनकाळचे मानणे धाडसाचे होईल. प्रत्येक राजवटीत दुरुस्ती होत गेली असणार. उतरणीच्या तळाशी रान, आणि रानाच्या बाहेर वैशाखरे गाव व मुरबाडकडे जाणारा मोठा रस्ता.

मध्ययुगात ही वाट चालू होती याचा पुरावा जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने ठेवला आहे. १६७५ च्या सुमारास जुन्नरच्या मोगल सुभेदाराने त्याला मुंबईहून बोलाविले. जाताना चुकून त्याला दुसऱ्या, अवघड घाटाने नेण्यात आले. परतताना तो नाणेघाटाने उतरला आणि ही वाट त्याला सोपी वाटली. मात्र माथ्यावर त्याला खोळंबून राहावे लागले, कारण खालून मिठाच्या गोण्या लादलेले तीनशे बैल चढून येत होते आणि अरुंद वाटेत त्यांना ओलांडणे शक्य नव्हते. कोकणच्या मिठागरांतील मीठ वर आणि देशावरचे धान्य खाली, हा व्यवहार गोविंददासाच्या काळीही फारसा निराळा नसावा. रोमन मद्यकुंभांची वर्णने मनोरंजक असतात, पण घाट जिवंत ठेवला तो मिठाने.

घाट मागे पडला तो चाकामुळे. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८६०च्या दशकात बोरघाट आणि थळघाट या दोन्हींतून लोहमार्ग गेले. बैलाच्या पाठीवरून जाणारे मीठ आगगाडीच्या डब्यात गेले. पुढे कल्याणहून अहिल्यानगरकडे (पूर्वीचे अहमदनगर) जाणारा मोटररस्ताही शेजारच्या माळशेज घाटातून काढण्यात आला. नाणेघाटाच्या खिंडीतून गाडी कधीच गेली नाही. व्यापाराच्या दृष्टीने ही हानी झाली, तरी तिच्यामुळेच खिंड, फरसबंदी आणि टाकी आपल्यापर्यंत पोहोचली. बोरघाटातील जुन्या वाटेचे काय झाले, हे तेथील रस्ते आणि रूळ पाहिले म्हणजे समजते.

आता मात्र देशाच्या बाजूने मोटररस्ता थेट घाटमाथ्यापर्यंत पोहोचला आहे. पावसाळ्यातील सुट्टीच्या दिवशी खिंडीच्या तोंडाशी वाहनांच्या रांगा लागतात आणि लेण्यातील बाकांवर पुन्हा माणसे विसावतात. फरक एवढाच, की त्यांपैकी पुष्कळांना भिंतीवर आपलेही नाव कोरावेसे वाटते. २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याच्या बारा गडांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांत शिवनेरी आहे. ज्या मार्गाच्या तोंडाशी शिवनेरी उभा आहे, त्या मार्गाला एक वारसा म्हणून अद्याप कोणतीही ओळख नाही. लेणे एकीकडे, गड दुसरीकडे, देऊळ तिसरीकडे, अशी विभागणी संरक्षणाच्या कामातही चालू राहिली, तर फरसबंदी आणि टाकी या कोणाच्याच खात्यावर न बसणाऱ्या वस्तू प्रथम नाहीशा होतील.

लेण्यातील अक्षरे दरवर्षी पुसट होत आहेत. भिंतीतून पाणी झिरपते आणि कातळाचे पापुद्रे सुटतात. प्रिन्सेप आणि भगवानलाल यांच्या वेळी वाचता आलेली काही अक्षरे आता केवळ त्यांच्या प्रतींवरून आणि ठशांवरूनच तपासावी लागतात. टाक्यांवरील लेख तर उघड्यावरच आहेत. मोठ्या राजलेखाचे ठसे, छायाचित्रे आणि पाठ अनेक ग्रंथांत सुरक्षित आहेत. गोविंददासाच्या एका ओळीची स्थिती तशी नाही. जुन्नरपासून वैशाखऱ्यापर्यंतच्या प्रत्येक टाक्याची मोजमापे, स्थान आणि लेख यांची एकत्र नोंद करणे हे एखाद्या विभागाच्या विद्यार्थ्यांना दोन उन्हाळ्यांत करता येण्याजोगे काम आहे. उन्हाळ्यातच, कारण टाक्यातले पाणी तळाला गेले म्हणजे काठाखालच्या खुणा दिसू लागतात.